काटा

दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही शेतात राहायला येतो.
एक खाट, दोन गोधड्या, माठ, तवा,
मितूची एक चप्पल. दुसरी ट्रॉलीतून
अनेरच्या फरशीवर कुठंतरी पडली.
घराला कुलूप. किल्ली चेतनाच्या पोतीत.

सकाळी दव असतं.
दवात कापूस वेचत नाहीत, ओला माल
व्यापारी नुसत्या चिमटीत ओळखतो.
म्हणून ऊन बांध उतरून आत येईस्तोवर
आम्ही तिघं बसून असतो,
वर्षातले तेवढेच दोन तास.
उत्तरेला सातपुडा, धुतलेला, अगदी जवळचा.
धोबीपक्षी आलाय. शेपूट खालीवर, खालीवर.
मितू त्याच्याशी अहिराणीत बोलते,
माझ्याशी अंगणवाडीच्या मराठीत.

मग तापतं.
आश्विनातलं ऊन आधी मानेवर बसतं, मग डोळ्यांत.
चेतना ओटी बांधते आणि दोन्ही हातांनी वेचत जाते.
मी एका हाताने. दुसरा मला अजून शिकवता आला नाही.
लग्नाला सहा वर्षं झाली, रोज संध्याकाळी
तिचं गाठोडं माझ्यापेक्षा सात-आठ किलोंनी जड,
आणि ती त्यावर काही बोलत नाही.
तेच बोलणं.
बोंडाची वाळकी टोकं नखांच्या मुळाशी लागतात.
किती वेचलं ते रात्री कळतं,
तिखट कालवणात बोट बुडवलं की.

काटा उखर्डूनानाचा. हूकवाला, जुना,
निंबाच्या खालच्या फांदीला टांगलाय.
शून्यावर उभा राहत नाही तो,
रिकामाच दोनावर असतो.
देताना नाना म्हणाले, दोन वजा करत जा,
बाकी खोटं बोलत नाही.

परवा गाठोडी तोलून झाली. तेहेतीस. पंचवीस.
"माले बी टांग," मितू म्हणाली.
चादरीची झोळी केली, गाठ मारली,
ती आत, पाय बाहेर, एकाच चपलेतले.
"कितलं भरनं?"
सोळा. दोन वजा. चौदा.
मागच्या साली मोटारीच्या खोलीत
भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं: मितू साडेअकरा.
कापसाचा एवढा उतारा मी कधी पाहिला नाही.

"आता मला," चेतना म्हणाली.
फांदी मोडेल म्हटलं. तिने ऐकलं नाही.
हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळली,
तळवे जमिनीपासून वीतभर वर,
परकराला चिकटलेला कचरा, केसांत कापूस,
मितू टाळ्या वाजवतेय.
छप्पन्न, मी वाचलं. दोन वजा, चोपन्न.
ती लोंबकळतच म्हणाली,
"या बारीला वजा नको करू."

मी काट्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.
पुन्हा काट्याकडे, बिघडला की काय म्हणून.
तोवर ती खाली उतरून
ओटीची गाठ सोडायला लागली होती.

संध्याकाळी पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी टाकली,
बामणोदची नाही, आमच्याच बांधावरची, हिरवी, काटेरी देठाची.
सालं फुटायला लागली तशी चेतना उठली
आणि धूर येत नाही त्या बाजूला जाऊन बसली.
तेव्हा मला आठवलं,
कालही ती तिकडेच बसली होती.
आणि परवाही.
भरीत मी ठेचलं. मीठ दोनदा पडलं.
मितूने कळण्याच्या भाकरीबरोबर गुपचूप खाल्लं,
पाणी मात्र तांब्याभर प्यायली.

रात्री बाराला लाईट आली.
दोघी खाटेवर, गोधडी मितूने एकटीने ओढलेली.
बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला गेलो,
भिंतीवर साडेअकराखाली चौदा लिहिलं,
त्याखाली छप्पन्न.
कोळसा हातातच राहिला.
मोटार नुसती हवा ओढत होती.
पाइपावर हात ठेवून उभा राहिलो.
पाणी आधी हाताला लागतं,
आत कुठंतरी थरथरतं,
मग येतं.